समुद्रातल्या म्हाताऱ्याचे सात धडे

ज्या माणसाने मला प्रोटिअसची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याने ती निम्मीच सांगितली. वर त्या निम्म्या गोष्टीतून सात धडे काढले आणि ते रंगीत कागदावर छापून आम्हाला वाटले. मी त्या कागदावर तिथल्या तिथे खुन्नस धरली. कॉलेजची चार वर्षं मी नागपुरात पत्रकं लिहिण्यात घालवली होती. मुलींच्या होस्टेलचं पाणी, फीवाढ, प्राचार्यांच्या खोलीतला एसी, एकही विषय सोडला नव्हता. पत्रकात आवाज चढवता येतो, थोडं मीठमसाला लावता येतो, पण अर्धी गोष्ट सांगून लोकांना गप्प बसायला शिकवणं, ह्याला आम्ही पत्रक म्हणत नव्हतो. ह्याला आम्ही नोटीस म्हणायचो.

दोन हजार दोनचा हिवाळा. मिशिगनमधलं ट्रॉय. मी आणि माझी पुण्याची रूममेट एकाच कंपनीच्या व्हिसावर आलो होतो. कंपनी म्हणजे एका बैठ्या इमारतीतल्या दोन खोल्या, एक फॅक्स मशीन आणि मालक. मालक आमच्यासारख्या पंधरा-वीस जणांना गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर धाडायचे. काम असेल तर प्रोजेक्ट, नसेल तर बेंच. त्या वर्षी बाजार बसला होता आणि निम्मे लोक बेंचवर, म्हणजे अपार्टमेंटमध्ये रजई पांघरून रेझ्युमे सुधारत बसलेले. ह्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे. विमानतळावर ते स्वतः घ्यायला यायचे, जाड कोट घेऊन. गाडीत बसलं की म्हणायचे, "सर वगैरे नाही हं म्हणायचं. आपण काय अमेरिकन आहोत का? काका म्हण." आणि आपण म्हणतो. अठरा तासांच्या प्रवासानंतर कोणी मराठीत "जेवलीस का गं?" विचारलं तर आपण त्याला देवही म्हणू.

तर बाजार बसल्यावर काकांनी आमचं मनोधैर्य वाढवायला एका शनिवारी हॉटेलातला हॉल घेतला आणि एक गोरा वक्ता आणला. लाल पट्ट्यांची पँट, हातात लेझरचा लाल ठिपका. त्याने पडद्यावर एक दाढीवाला म्हातारा दाखवला, कमरेखाली लाटा. प्रोटिअस. ग्रीकांचा समुद्रातला एक किरकोळ देव. मोठ्या देवांच्या सीलमाशांचे कळप राखायचा. पण त्याला एक विद्या होती: तो वाटेल ते रूप घेई. सिंह, साप, पाणी, झाड. "बी प्रोटिअस!" वक्ता ओरडला. मग धडे आले. पहिला, रोज बदला. दुसरा, एकाच कौशल्याला चिकटू नका. चौथा, पाण्यासारखे व्हा. सातवा मला तोंडपाठ आहे: कुणालाही तुम्हाला धरून ठेवू देऊ नका.

काका पुढच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग आमच्याकडे वळले. "बघा पोरांनो, ग्रीक लोकांनासुद्धा कळलं होतं. आज जावा, उद्या टेस्टिंग, परवा आणखी काही. फ्लेक्सिबल रहायचं."

माझ्या शेजारी माझी रूममेट बसली होती. ती उठली, चहाच्या टेबलापाशी काकांना गाठलं आणि तिसऱ्यांदा, की चौथ्यांदा, विचारलं, "काका, माझा अप्रूव्हलचा कागद?"

"अगं, आज शनिवार. आज शिकायचा दिवस. तो गुलाबजाम घेतलास का?"

तिने गुलाबजाम घेतला. मी बघत होते. मला दोघांचाही राग आला.

कागदाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. तिच्या व्हिसाची मुदत त्या शरद ऋतूत संपली. मुदत वाढवायचा अर्ज कंपनीने करायचा असतो आणि मंजुरीचं पत्र येतं ते कंपनीकडे. ते पत्र हातात असेल तर भारतात जायचं, तिकडे पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. नसेल तर जायला कोणी अडवत नाही, परत येता येत नाही. तिच्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन महिनाअखेरीला होतं. वडील नाहीत, ही एकुलती एक. तारीख ह्या कागदापायी एकदा पुढे ढकलून झाली होती. आई फोनवर म्हणायची, "मी काय, पडूनच असते. तू तुझं बघून ये." एवढं ऐकलं की ती फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची.

मला त्या वक्त्यावर विश्वास बसेना. पुढच्या बुधवारी मी पब्लिक लायब्ररीत गेले. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, हा समुद्राचा देव, सीलमासे राखणारा, ह्याची पूर्ण गोष्ट पाहिजे. त्यांनी एक विटेएवढं जाड पुस्तक दिलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते दुपारभर वाचलं, आणि वाचताना मला चक्क हसू फुटलं.

कारण त्या म्हाताऱ्याला रूपं बदलायची हौस नव्हती. त्याला सगळं माहीत होतं. झालेलं, चाललेलं, होणारं, समुद्राच्या तळापर्यंतचं सगळं. फक्त ते सांगायचं नव्हतं. कोणी विचारायला आलं की तो सिंह व्हायचा, साप व्हायचा, पाणी होऊन बोटांतून निसटायचा. रूपं कशासाठी, तर उत्तर टाळण्यासाठी! ट्रॉयची लढाई संपवून घरी निघालेला एक राजा त्याच्या बेटापाशी वारा पडून अडकतो. घर कसं गाठायचं हे फक्त ह्या म्हाताऱ्याला ठाऊक. तेव्हा म्हाताऱ्याची स्वतःचीच मुलगी राजाला येऊन सांगते, की बाबा भर दुपारी किनाऱ्यावर येतात, आधी सीलमासे मोजतात आणि मग त्यांच्यात आडवे होतात. तेव्हा धर. काहीही झाला तरी सोडू नकोस. दमला की आपल्या मूळ रूपात येईल आणि विचारशील ते खरं सांगेल.

म्हणजे ही गोष्ट धरणाऱ्याची होती. वक्त्याने ती निसटणाऱ्याची करून आम्हाला विकली. आणि आम्ही कोण? आम्ही घरी जायचं अडलेले लोक, गावाचं नावही ट्रॉय, आणि आम्हाला शिकवण काय, तर म्हाताऱ्यासारखे व्हा. आमचा म्हातारा तर आधीच तसा होता!

मी पेटले. त्या काळात मी पेटले की लिहायचे. "आमचे कागद आमच्या हातात द्या!" असा मथळा, खाली पाच मागण्या, शेवटी उद्गारचिन्हं. लायब्ररीत वीस झेरॉक्स काढल्या. वाटायच्या कुठे हे ठरलेलंच होतं, कारण आमचं सगळं जग रविवारी दुपारी एकाच घरात जमायचं.

काकांचा रविवार. दर रविवारी सगळ्या पोरांनी काकांच्या घरी जेवायचं. काकू शुक्रवारपासून तयारीला लागायच्या. मुली पोळ्यांना बसायच्या, मुलं व्हॅक्यूम करायची, बर्फ असेल तर ड्राइव्हवे साफ करायची. जेवायला बसलं की काका टेबलाच्या टोकाला उभं राहून बोटाने मोजायचे. "बारा, तेरा, चौदा. एक कमी आहे. कोण नाही आलं?" आणि न आलेल्याला तिथून फोन. घराचा नियम एकच: रविवारी ऑफिसचं बोलायचं नाही, रविवार कुटुंबाचा. सोमवारपासून काका क्लायंटच्या कॉलवर. म्हणजे रविवारी ते काका असायचे म्हणून विचारायचं नाही, आणि सोमवारी ते मालक असायचे म्हणून भेटायचे नाहीत. ही व्यवस्था कोणी बसवली नव्हती. आपणच, आपल्या हाताने, पोळीला तूप लावत लावत बसवली होती. पाडव्याला आम्ही एकेकाने वाकून नमस्कार केले होते. ज्याच्या पायाला हात लावला त्याची कॉलर कशी धरायची?

मी पत्रकं दारातल्या बुटांत घातली. प्रत्येक जोडीत उजव्या बुटात एक. मला फार हुशारी वाटली त्यात. जेवण झाल्यावर सगळे घरी जाताना वाचतील, रात्री फोनाफोनी होईल, सोमवारी आपण वीस जण ऑफिसच्या दारात.

जेवण व्हायच्या आतच कोणीतरी सिगरेट ओढायला बाहेर गेलं. दोन मिनिटांनी माझं पत्रक काकांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा लावला.  मी मनात पहिलं वाक्य जुळवत होते. काकांनी ते मोठ्याने, आवाजात चढ-उतार घेत, पाचही मागण्यांसकट वाचून दाखवलं आणि खाली ठेवलं.

"काय भाषा आहे हो पोरीची!" ते काकूंना म्हणाले. "मंडळाच्या दिवाळी अंकात देऊ हे. कोणी लिहीतच नाही हल्ली मराठीत."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. शेजारच्या अपार्टमेंटमधला मुंबईकर, ज्याच्या गाडीतून आम्ही यायचो, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "यार, तू काय युनियन काढतेस का? जेवू तरी दे."

 प्राचार्यांनी माझी पत्रकं फाडली होती, पोलिसांनी एकदा गठ्ठा जप्त केला होता. कौतुक कोणी केलं नव्हतं. त्याच्याशी कसं लढायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

परत येताना गाडीत मी रूममेटला तिरसटपणे प्रोटिअसची उरलेली गोष्ट सांगितली. तिने खिडकीबाहेर बघत ऐकून घेतली.

"म्हणजे नुसतं धरून बसायचं?"

"हो."

"भाषण वगैरे नाही?"

"गोष्टीत तरी नाही."

"मग पुढच्या रविवारी तू बोलू नकोस," ती म्हणाली. मुंबईकर इतका हसला की सिग्नल चुकला.

पुढच्या रविवारी पोळ्या लाटताना काकूंनी तिला आईचं विचारलं. तिने ऑपरेशनची तारीख सांगितली. बारा दिवसांवर आली होती. काकूंचा हात पोळपाटावर थांबला. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्या इथेच होत्या, ह्याच स्वयंपाकघरात, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या फ्रिजवर आईचा फोटो असायचा. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जेवल्यावर ते त्या खुर्चीत आडवे होतात ना, तेव्हा त्यांचा सेलफोन मी काढून ठेवते. अर्धा तास. पोरांना मी बाहेर बर्फ काढायला पाठवीन. तेव्हा विचार. आणि अगं, उठू नकोस लगेच. ते काहीतरी बोलतील आणि तुला वाटेल झालं. झालेलं नसतं."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण मी तिला गोष्ट सांगितली होती, काकूंना नव्हती.

दुपारी दीडच्या सुमाराला काकांनी पाय वर उचलणाऱ्या त्या मोठ्या खुर्चीत अंग टाकलं. काकूंनी फोन उचलून कपबशांच्या खणात ठेवला. मुलं फावडी घेऊन बाहेर गेली. रूममेटने पायाशी असलेलं बुटकं स्टूल ओढलं आणि खुर्चीला चिकटून बसली. मी मागे सोफ्यावर, जीभ दातांखाली धरून.

"काका, माझा कागद."

"अगं, रविवार ना आज?" ते हसले. "आईशी बोललीस का? माझा नमस्कार सांग."

"सांगते. काका, माझा कागद."

मग सिंह आला. खुर्ची खट्कन सरळ झाली. "मार्केट माहीत आहे तुला? एकेका जागेसाठी ढीगभर रेझ्युमे येतात! मी तुम्हाला ठेवलंय म्हणून ठेवलंय. दुसऱ्या कंपन्यांनी लोकांना दोन आठवड्यांत परत पाठवलं!" बाहेर फावड्यांचा आवाज थांबला. मी तिच्या जागी असते तर इथे उभी राहून ओरडले असते, आणि त्यांना ओरडणारी मुलगी मिळाली असती. मग माफी, मग चहा, मग संपलं.

ती बसून राहिली. "माझा कागद, काका."

मग पाणी. वकील सुट्टीवर आहे, सर्व्हिस सेंटरला बॅकलॉग आहे, आधी ती दुसरी चौकशी यावी लागते, ती आली की उत्तर जातं, उत्तर गेलं की पावती, पावतीचा नंबर लागतो, नंबर सिस्टिममध्ये यायला वेळ. एकेक शब्द खरा होता. ते सगळं तिच्या कडेकडेने वाहून गेलं. तिने परत तेच म्हटलं.

मग त्यांचे डोळे भरले. ते पहिल्यांदा आले तो हिवाळा, तळघरातली खोली, मिठाबरोबर खाल्लेला ब्रेड. "तुम्हाला हे सोसावं लागू नये म्हणून हे सगळं करतो गं मी." ते खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मला त्याची जास्त चीड आली. ती एक क्षण हलली. तिचा हात त्यांच्या हाताकडे निघालाही. मग मांडीवर परत आला.

"कागद."

मग त्यांनी डोळे मिटले आणि घोरले. खरंच. मोठा, जाडजूड, बुंध्यासारखा माणूस, हात पोटावर. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आम्ही दोघी बसलो. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या. ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच ते म्हणाले, "काका म्हणतेस ना मला?"

"म्हणत होते."

तेव्हा ते जागे झाले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसत होता, कुठल्याही बँकेच्या रांगेत दिसेल तसा एक दमलेला माणूस. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गालिच्याकडे.

"फाइलच केलेलं नाही," ते म्हणाले. "तू बेंचवर होतीस तेव्हा. वाटलं, प्रोजेक्ट मिळाला की करू. मग तारीख निघून गेली."

शरद ऋतूपासून. चार महिने ते तिला गुलाबजाम देत होते. ती चार महिने ह्या देशात कागदाविना राहत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. काकूंनी ट्रे खाली ठेवला. त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता मात्र मी उठले. पाचही मागण्या घशात होत्या. रूममेट मागे न बघता म्हणाली, "गप."

मग त्यांना म्हणाली, "हे लिहून द्या. तुम्ही फाइल केलं नाही, माझी चूक नाही, असं. पुढे कोणी विचारलं तर दाखवायला."

त्यांनी खुर्चीशेजारचा खण उघडला. हाताला लागला तो रंगीत गठ्ठा, सात धड्यांचा. त्यातला एक त्यांनी पाठीमागून कोरा बघून घेतला.

"ह्याच्यावर नको," ती म्हणाली. "कोरा कागद द्या."

ते लिहीत असताना मुलं आत आली, नाकं लाल, मोजे ओले. काय झालंय ते मुंबईकराला चेहऱ्यांवरूनच कळलं असावं. सही होईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "काका, माझं?"

"तुझं केलंय रे."

"दाखवा."

ती स्टुलावरून उठली आणि तो बसला. त्याच्यामागे आणखी दोघे भिंतीला टेकले.

पुढच्या महिन्याभरात काही जणांचे कागद निघाले, काहींचे नाहीत. मी उन्हाळ्यात दुसऱ्या कंपनीत गेले. दोन वर्षांनी तिथेही तोच वक्ता आला, तोच लाल ठिपका. मी हात वर करून विचारलं, "म्हाताऱ्याला कोणीतरी धरतं, त्यानंतर काय होतं?" तो म्हणाला, "ग्रेट क्वेश्चन!" आणि पुढची स्लाइड लावली.

त्या जाड पुस्तकात पुढे काय होतं ते मी रूममेटला गाडीत सांगितलं नव्हतं. म्हातारा शेवटी खरं सांगतो, पण ते खरं चांगलं नसतं. तू आलास त्या वाटेने उलटा जा, म्हणतो. आणि घरी तुझ्या भावाचा खून झालाय. राजा वाळूत बसून रडतो. मी ते सोडून दिलं होतं, कारण मला तिला धीर द्यायचा होता. म्हणजे मीसुद्धा निम्मीच गोष्ट सांगितली. फक्त माझा कागद रंगीत नव्हता.

त्या रविवारी काकांकडून निघताना दारात मी बुटात पाय घातले आणि सवयीने तोंडून गेलं, "येते हं काका." त्यांनीही सवयीने मान हलवली. गाडीत बसल्यावर रूममेट म्हणाली, "काय म्हणालीस आत्ता?"  ती सही केलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुडघ्यांवर धरून बसली होती.

घरी आल्याबरोबर तिने ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. तो गुजराती होता, रविवारीही काम करायचा. पुणे, शक्य तितकं लवकर, एक जण, शाकाहारी. त्याने काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पार्किंगमधल्या ढिगाऱ्यांकडे.

"रिटर्न नको," ती म्हणाली. "जायचं तेवढंच."

मग तिने आईला फोन लावला. नळ सोडायला ती उठली नाही.